दावणीतील माप : जनावरांना रोज किती वैरण, किती दाणा?

मुंबई उपनगरात, अंधेरी आणि बोरिवली यांच्या दरम्यान, गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्ध वसाहत आहे. शहराच्या दाट वस्तीतील म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत आणि नागरिकांना स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने १९४९ मध्ये ती स्थापन झाली. या कार्याचे एक प्रमुख शिल्पकार दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्काराचा सन्मान लाभला. वसाहतीत पॅरा गवताची लागवड झाली. तथापि कडबा, सरकी पेंड, चुनी यांसाठी महानगरातील गोठ्याला बाहेरगावावरच अवलंबून राहावे लागते. विकतच्या वैरणीवर म्हैस पोसणाऱ्यास तिला नेमके किती घालावे, हा प्रश्न रोजच पडतो. खुराक कमी पडला तर दूध घटते. जादा झाला तर पैसा वाया जातो आणि जनावरही आजारी पडते.

आहाराचा हिशेब शुष्कांशावर, म्हणजे पाणी वजा जाता उरणाऱ्या भागावर करतात. दुभत्या म्हशीस तिच्या वजनाच्या सुमारे ३ टक्के शुष्कांश लागतो. ५०० किलो वजनाच्या म्हशीस तो १५ किलो होईल. हिरव्या वैरणीत सुमारे चार पंचमांश पाणी असते. म्हणून २५ किलो हिरव्या वैरणीतून केवळ ५ किलो शुष्कांश मिळतो. खुराकाचे प्रमाण दुधावर ठरते. शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो, या हिशेबाने १० लिटर दूध देणाऱ्या म्हशीस साडेसहा किलो खुराक हवा. त्याच्या जोडीला साडेचार किलो कडबा दिल्यास गरज भागते. शिवाय थोडे मीठ, क्षार मिश्रण आणि भरपूर स्वच्छ पाणी आवश्यक आहे.

हेच माप घोड्यास लावणे धोक्याचे ठरेल. म्हैस रवंथ करते आणि तिच्या मोठ्या कोठीपोटात शंभर लिटरहून अधिक चारा मावतो. घोड्याचे जठर मात्र एकच व लहान असते. त्याला ओकताही येत नाही. ४०० किलो वजनाच्या, हलके काम करणाऱ्या घोड्यास दिवसाला ६ ते ७ किलो वाळलेले गवत आणि २ ते ३ किलो दाणा पुरतो. ही चंदी दोन-तीन वेळांत विभागून द्यावी. सारा दाणा एकदम तोबऱ्यात भरल्यास पोटशूळ उठून घोडा दगावण्याचा संभव असतो. सुमारे ३० किलो वजनाच्या शेळीस ३ ते ४ किलो हिरवा पाला आणि पाव किलो खुराक साधारणपणे पुरेसा होतो.

रवंथ करणाऱ्या जनावरासही दाण्याचा अतिरेक सोसत नाही. पोटात आम्ल वाढून ते खाणे सोडते. म्हणून खुराकात बदल करावयाचा झाल्यास तो आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

बहुतेक गोठ्यांत खुराक डब्याने मोजतात. परंतु एकाच डब्यात कोंडा कमी वजनाचा भरतो, तर मक्याचा भरडा अधिक वजनाचा. तेव्हा प्रत्येक खाद्याचा डबा एकदा काट्यावर तोलून त्याचे वजन भिंतीवर लिहून ठेवावे. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने हे तोलून दाखविण्याचे प्रात्यक्षिक गावात घडवून आणल्यास पशुपालकांचा खर्च वाचेल आणि जनावरांचे आरोग्यही राखले जाईल.