शेत त्याचं, वाट सगळ्यांची

हॉर्टन-इन-रिबल्सडेल, यॉर्कशायर

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. दर जुलैला हजारो माणसं चिखल तुडवत मसाई पठारावरून पांढरेपाण्याकडे जातात. आपण जातो ते 1660 च्या त्या रात्रीच्या स्मरणासाठी. इथला माणूस असाच दिवसच्या दिवस चालतो तो सुट्टी म्हणून. रजा काढायची, पाठीवर डबा, रेनकोट आणि नकाशा घ्यायचा, आणि रोज नव्या गावी मुक्काम. जड बॅगा पुढच्या मुक्कामी पोहोचवणारे गाडीवालेही आहेत.

आजचा टप्पा मॅलम ते हॉर्टन, साधारण 23 किलोमीटर. 430 किलोमीटरच्या पेनाइन वेचा हा एक तुकडा. मॅलमबाहेर चुनखडीचा 80 मीटर उंच सरळ कडा उभा आहे. त्याच्या माथ्यावर पावसाच्या पाण्यानं कातळ चिरत नेलाय आणि त्या खोल भेगांत वाऱ्यापासून लपून नेचे वाढतात. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर हिंडलेल्याचा पाय इथून लवकर निघत नाही. पुढे तळं, मग फाउंटन्स फेलची दमवणारी चढण, आणि शेवटी 694 मीटरचा पेन-य-गेंट. त्याच्या शेवटच्या टप्प्यात हातही टेकावे लागतात.

पण दिवसभर मनात घोळत राहिली ती पायाखालची वाट. ती खासगी कुरणांतून जाते. दगडी गडग्यांवर चढायला पायऱ्या आहेत, फाटक उघडलं की मागं लावायचं, कुत्रा दोरीला. मेंढ्या त्याच्या, जमीन त्याची, चालायचा हक्क मात्र कुणाचाही. 1949 च्या कायद्यानं काउंटी कौन्सिलांना अशा वाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. शेतातली वाट नांगरली गेली, तर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा करून देणं शेतकऱ्यावर बंधनकारक आहे. लोक वीस वर्षं हक्कानं, विनाअडथळा चालत असले, तर वाट सार्वजनिक ठरू शकते.

हे आपसूक मिळालेलं नाही. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर भागातले कामगार जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउटवर बंदी मोडून चढले. राखणदारांशी झटापट झाली, पाच तरुण तुरुंगात गेले. 1965 मध्ये त्याच तारखेला, इथल्याच मॅलमच्या माळावर, पेनाइन वेचं उद्घाटन झालं.

आपल्याकडे पाणंद अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण तो आधार शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याचा. नुसतं चालायला आलेल्या परक्याचा नव्हे. पावनखिंडीची वाट आजही पुष्कळशी वाड्यावस्त्यांच्या भल्या मनावर चालू आहे. भूमी अभिलेखच्या मोजणीदारांनी ती एकदा चालून गावनकाशावर चढवावी, असं मला कळकळीनं वाटतं. बांधावरच्या मालकालाही त्यात वाटा हवा. इथे कितीतरी शेतकरी घरातली एखादी खोली चालणाऱ्यांना देतात; रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, त्याचे रोख पैसे. पन्हाळा-शाहूवाडीतल्या वाड्यांना ही मिळकत जुलैच्या गर्दीपुरती न राहता दिवाळीपासून होळीपर्यंत मिळू शकेल.