हवा दाबली की तापते
इंदूरजवळ माळव्यातल्या महूला लष्कराचे ‘आर्मी मार्क्समनशिप युनिट’ हे नेमबाजी पथक आहे. नेमबाजांच्या १० मीटर एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरतात. ३० अंशांची हवा एका दमात तेवढी दाबली, तर गणिताने ती ११०० अंशांवर जाते. दोन टप्प्यांत दाबून मध्ये पुरती निववली, तर ३७०च्या आसपास. छोट्या कॉम्प्रेसरचा जीव त्या मधल्या थंडाव्यात! त्यासाठी बादलीतले पाणी कॉम्प्रेसरभोवती फिरवतात; पण माळव्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ते भराभर तापते. मोठी टाकी किंवा पंखा लावलेला रेडिएटर हा खरा उपाय. बर्फ टाकणे म्हणजे मलमपट्टी. निवलेल्या हवेतून पाणी सुटते. ते निचऱ्याच्या झडपेतून वरचेवर काढावेच, नाहीतर सिलिंडर आतून गंजतो.