वॅट, स्टील आणि खारं पाणी

लग्नसराई आणि दिवाळी तोंडावर आली की अमरावतीच्या राजापेठेपासून अकोल्यापर्यंत सोफे, गाद्या आणि मोटारींच्या सीटा धुऊन देणाऱ्यांना उसंत मिळत नाही. या धंद्यात नव्याने उतरणारा माणूस धूळ-पाणी ओढणारं यंत्र घ्यायला जातो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचं?" वॅट जास्त तितकी ओढ जास्त, हा समज त्याला पुढे फार महागात पडतो.

वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते त्याचा आकडा. ओढ ठरते ती यंत्र किती हवा खेचतं आणि किती दाबाने खेचतं यावर. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. तरीही तिथली सफाई थांबली नाही. कंपन्यांनी यंत्राचं तोंड आणि हवेचा मार्ग सुधारला. त्याही आधी, १९०१ मध्ये, लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने मोटरशिवायच हे तत्त्व पडताळलं होतं. उपाहारगृहातल्या गादीच्या खुर्चीवर हातरुमाल ठेवून त्याने तोंडाने जोरात हवा ओढली. रुमालाच्या खालच्या अंगाला धूळ चिकटलेली दिसली. म्हणून यंत्राच्या माहितीपत्रकात वॅटशेजारी ओढीचा दाब मिलिबारमध्ये आणि हवा सेकंदाला किती लिटर, हे दोन आकडे शोधावेत. छापलेले नसतील तर विक्रेत्याकडून मागून घ्यावेत.

मोटर कशी थंड होते, हेही विचारावं. साध्या घरगुती यंत्रात धूळ घेऊन येणारी हवाच मोटरवरून जाते. अशा यंत्राने पाणी ओढलं की मोटर गेलीच म्हणून समजा. ओल्या कामासाठीच्या यंत्रात मोटर थंड करणाऱ्या हवेची वाट वेगळी असते.

पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. टाकी भरली की तरंगता गोळा वर येतो आणि ओढ बंद होते, हे खरं. फेस मात्र त्या गोळ्याला उचलत नाही. तो बाजूने थेट मोटरकडे जातो. भरपूर फेस म्हणजे भरपूर स्वच्छता, या समजुतीने यंत्रंही मरतात आणि कपड्यात राहिलेला साबण चिकट होऊन नवी धूळही धरतो. पाणी फवारून लगेच ओढून घेणाऱ्या यंत्रात कमी फेसाचं द्रावणच हवं आणि टाकीत फेस मोडणारं औषध टाकावं.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती इथली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या शेतांवरून उडालेली ही धूळ सोफ्याच्या शिवणींत बसलेली असताना थेट पाणी फवारलं, तर तिचा चिखल होऊन फोममध्ये उतरतो. आधी कोरडी ओढ आणि मगच पाणी, हा क्रम इथे मोडूच नये. कोरडं काम करताना यंत्रात कापडी किंवा कागदी गाळणी हवी. ओल्या कामाची स्पंजची गाळणी बारीक धूळ अडवत नाही.

पाण्याची बाब सर्वांत दुर्लक्षित. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं पाणी मिळतं. राजापेठेत ज्या यंत्राला वर्षभर काही झालं नाही, तेच दर्यापूर, भातकुली किंवा अकोटकडे बोअरच्या पाण्यावर चालवलं की कुरकुरू लागतं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग. कूलरच्या जाळीवर जसा पांढरा थर साचतो, तसाच तो फवाऱ्याच्या बारीक छिद्रात आणि पाणी तापवणाऱ्या कॉइलवर बसतो. कपडा वाळला की त्यावरही पांढरं वलय उमटतं. पाण्यातले क्षार दाखवणारा काही शे रुपयांचा टीडीएस मीटर खिशात असला तर जागेवरच कळतं, की आज पाणी सोबत न्यायला हवं.

इथेच स्टीलच्या टाकीचा गैरसमज उघडा पडतो. स्टील गंजत नाही, म्हणून ते टिकाऊ, असं मानलं जातं. पण ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलला क्लोराइडने बारीक खड्डे पडतात, आणि क्लोराइड खाऱ्या पाण्यातही असतं, ब्लीचमध्येही. चांगल्या जाडीची पॉलिथिलीनची टाकी या दोन्हींना जास्त काळ तोंड देते. शिवाय दुचाकीवर न्यायला हलकी. टाकी कशाचीही असो, संध्याकाळी गोड्या पाण्याने पंपासकट धुऊन, झाकण उघडं ठेवून वाळवलेली बरी.

कडक ब्रशविषयी थोडक्यात. व्हिस्कोजचा धागा ओला झाला की खूप अशक्त होतो आणि मखमलीची लव मोडते. तिथे घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश चालतो. नायलॉनचा कडक ब्रश पायपुसण्यांसाठी. मायक्रोफायबरची फडकी मात्र सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, सुताचे तंतू त्यांत अडकतात. कपडे मऊ करणारं द्रावणही नको, त्याने त्यांची पाणी टिपण्याची ताकद जाते.

यंत्र पसंत करण्याआधी नळी, झाकणाचं रबर, फवाऱ्याचं तोंड आणि मोटरचे कार्बन ब्रश अमरावतीत किंवा अकोल्यात सुटे मिळतात का, ते बघून घ्यावं. कार्बन झिजतातच, ते वेळेत, आणि जोडीतले दोन्ही एकदम, बदलले तर मोटर पुढे चालते. शेवटपर्यंत झिजू दिले तर ठिणग्यांनी ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर खराब होतो, आणि मग काही रुपयांच्या कार्बनपायी अख्खी मोटर बदलावी लागते.