नवीं घरें आणि जुने रस्ते

इंग्लंडांतील एखाद्या लहानशा गांवाच्या कडेला मोकळें शेत असतें. एके दिवशीं तेथील दिव्याच्या खांबावर एक छापील नोटीस लागते. ह्या जमिनीवर शंभर घरें बांधण्याची परवानगी मागण्यांत आली आहे. ज्यांना कांहीं म्हणावयाचें असेल त्यांनीं एकवीस दिवसांच्या आंत कौन्सिलकडे लिहून कळवावें, एवढाच तिचा आशय असतो. पुढील कांहीं दिवसांत कौन्सिलकडे पत्रांचा ढीग जमतो. पत्रें निरनिराळ्या हातांचीं असलीं तरी त्यांतील मुख्य तक्रार बहुधा एकच असते: हा रस्ता एवढी रहदारी सोसणार नाहीं. सकाळीं शाळेच्या वेळीं आधींच वाहनांची रांग लागते, पदपथ अरुंद आहे, कोपऱ्यावर पलीकडचें दिसत नाहीं. त्यांत आणखी शंभर कुटुंबांच्या मोटारी आल्यावर काय होणार?

यानंतर जें घडतें तें पुष्कळदां रहिवाशांना चकित करणारें असतें. कौन्सिलचाच अधिकारी मंजुरीची शिफारस करतो. समितींतील सभासद लोकांच्या बाजूनें उभे राहतात आणि अर्ज फेटाळतात. अर्जदार अपील करतो आणि सरकारी निरीक्षक त्याला परवानगी देतो. क्वचित् अपिलाचा खर्चही कौन्सिलवर, म्हणजे पर्यायानें करदात्यांवर, पडतो. लोकांनीं निवडून दिलेल्या संस्थेचा निर्णय असा उलटावा हा न्याय कीं अन्याय, असा प्रश्न मग घरोघरीं विचारला जातो. त्याचें उत्तर द्यावयाचें तर ही पद्धति मुळापासून समजून घेतली पाहिजे.

जमीन माझी, तिच्यावर मी हवें तें बांधीन, ही मालकाची जुनी समजूत. नगररचनेचा पहिला इंग्रजी कायदा १९०९ सालीं झाला, तरी ह्या समजुतीला खरा धक्का बसला तो १९४७ च्या कायद्यानें. १ जुलै १९४८ पासून तो अमलांत आला. त्यापूर्वीं कौन्सिलनें बांधकाम अडविलें तर मालकाला नुकसानभरपाई द्यावी लागण्याची धास्ती असे, आणि त्या धास्तीनें कौन्सिलांचे हात बांधलेले असत. नव्या कायद्यानें जमिनीची मालकी मालकाकडे ठेविली; तिचा विकास करण्याचा हक्क मात्र परवानगीच्या अधीन केला. परवानगी नाकारल्यास भरपाई मागण्याची सोय सर्वसाधारणपणें उरली नाहीं. परंतु एवढा मोठा अधिकार लोकसंस्थेच्या हातीं देतांना कायद्यानें त्याला दोन वेसणी घातल्या. नकार द्यावयाचा तर कारणें लेखी दिलीं पाहिजेत, आणि तीं कारणें पटलीं नाहींत तर अर्जदाराला वरिष्ठांकडे दाद मागतां आली पाहिजे. पुढील सर्व वादांचें मूळ ह्या सौद्यांत आहे. कौन्सिलला नाहीं म्हणण्याचा अधिकार आहे. केवळ नको म्हणून नाहीं म्हणण्याचा अधिकार नाहीं.

अर्ज आल्यावर सामान्य प्रकरणांत आठ आणि दहा किंवा अधिक घरांच्या प्रकरणांत तेरा आठवड्यांत त्याचा निकाल लागावा अशी अपेक्षा असते. बहुसंख्य अर्ज अधिकारीच निकालांत काढतात. मोठे आणि वादाचे तेवढे निवडक सभासदांच्या समितीपुढें येतात. तत्पूर्वीं रस्त्यांच्या अधिकाऱ्यांचा अभिप्राय मागविण्यांत येतो. पुष्कळ ठिकाणीं परवानगी देणारें जिल्हा कौन्सिल वेगळें आणि रस्ते सांभाळणारें कौंटी कौन्सिल वेगळें असतें. त्यामुळें रहिवासी ज्या दारावर ठोठावतात त्या दारामागें रस्त्याचा जाणकार बसलेलाच असतो असें नाहीं. समितीच्या बैठकींत हरकतदारांना बोलण्याची संधि मिळते, ती बहुधा तीन मिनिटांची.

आतां तराजू कोणता तें पाहूं. कायद्याचें सूत्र असें कीं, अर्जाचा निर्णय मंजूर विकास आराखड्यास धरून व्हावा. त्यापासून दूर जावयाचें तर तसें सबळ व संबद्ध कारण पाहिजे. घरांच्या किंमती उतरतील किंवा खिडकींतून दिसणारें शेत दिसेनासें होईल, हीं कारणें साधारणपणें संबद्ध मानलीं जात नाहींत. रहदारी मात्र संबद्ध मानली जाते. ह्यामुळें मनांतील सारी नाराजी रहदारीच्या नांवानें पुढें येते, असा एक चमत्कारिक परिणाम होतो. परंतु येथेंही माप ठरलेलें आहे. १९४७ च्या सौद्याला २०१२ सालच्या राष्ट्रीय धोरणानें आणखी एक अट जोडली, आणि पुढील आवृत्त्यांत तिचा गाभा कायम राहिला. रस्त्याच्या कारणावरून अर्ज फेटाळावयाचा तर सुरक्षिततेवर होणारा परिणाम अस्वीकार्य असला पाहिजे, किंवा उपाय योजल्यावरही शिल्लक राहणारा एकत्रित परिणाम गंभीर असला पाहिजे. ‘गैरसोय’ आणि ‘गंभीर’ ह्या दोन शब्दांमधील अंतरांत पुष्कळशा हरकती बुडून जातात.

हा परिणाम मोजतात कसा? एवढ्या घरांमागें एवढ्या फेऱ्या, असे आंकडे पूर्वीं बांधलेल्या वसाहतींच्या प्रत्यक्ष मोजणीवरून गोळा केलेले असतात. ब्रिटनमध्यें असा संग्रह १९८९ पासून चालू आहे. समजा, सकाळच्या गर्दीच्या तासांत दर दोन घरांमागें एक मोटार रस्त्यावर येते. शंभर घरांच्या पन्नास मोटारी झाल्या. म्हणजे बहात्तर सेकंदांना एक. अभियंता विचारतो, सवा मिनिटाला एक मोटार वाढली तर त्याला गंभीर कसें म्हणावें? आणि त्याचा प्रश्न खोटा नाहीं. परंतु त्याच रस्त्याला मिळणाऱ्या आणखी चार जागांवर तेवढींच घरें झालीं तर दर चौदा सेकंदांना एक मोटार होते. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणें लहान, सर्वांची बेरीज मात्र मोठी. धोरणांतील ‘एकत्रित’ ह्या शब्दाचें महत्त्व येथें आहे. ज्या हरकतदारांनीं शेजारच्या मंजूर वसाहतींचे आंकडे मागून ते गणितांत धरावयास लाविले, त्यांनीं आपल्या तक्रारीला पुराव्याचें रूप दिलें असें म्हणतां येईल.

‘उपाय योजल्यावर’ हे शब्दही तितकेच महत्त्वाचे होत. चौक सुधारणें, पादचाऱ्यांसाठीं सुरक्षित ओलांडणी करणें, बसच्या फेऱ्या वाढविणें, ह्यांचा खर्च अर्जदाराकडून करारानें घेतां येतो. १९९० च्या नियोजन कायद्याचें १०६ वें आणि १९८० च्या महामार्ग कायद्याचें २७८ वें कलम ह्या कामीं येतें. पुष्कळ प्रकरणांत रहिवाशांच्या पदरीं नकार पडत नाहीं, पण असा पदपथ किंवा असा चौक पडतो. लढा हरला असें वाटतांनाच कांहीं मिळालेलें असतें. तें मिळविण्यासाठीं मात्र नेमकें काय हवें तें आधीं सांगावें लागतें.

नेमकेपणा म्हणजे काय ह्याचें एक उदाहरण पुरेसें आहे. ताशीं तीस मैल वेगाच्या रस्त्याला नवी वाट जेथें मिळते तेथें बाहेर पडणाऱ्या चालकाला सुमारें ४३ मीटरपर्यंतचा रस्ता दिसला पाहिजे, असें २००७ च्या रस्ते-रचना मार्गदर्शिकेंत सुचविलें आहे. ‘हें वळण धोक्याचें आहे’ असें हजार लोकांनीं लिहिलें तर तें एक मत होतें. ‘भिंतीमुळें येथें तीसच मीटर दिसतात’ असें एकानें मोजून लिहिलें तर तो मुद्दा होतो, आणि त्याला उत्तर द्यावेंच लागतें. सह्यांची संख्या समितीला लोकांची कळकळ दाखविते. निर्णयाच्या तराजूंत मात्र संख्या घातली जात नाहीं.

मग रहिवाशांचें दुःख केवळ अज्ञानाचें आहे काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. ब्रिटिश सरकारच्या वाहतूक खात्यासाठीं सर कॉलिन ब्युकॅनन ह्यांनीं १९६३ सालीं शहरांतील रहदारीवर एक अहवाल सादर केला. हे गृहस्थ १९०७ सालीं सिमल्यास जन्मलेले. शिक्षणानें अभियंते, आणि पुढें नगररचनाकार. वस्तींतील रस्त्यावरून किती वाहनें जाऊं शकतात हा एक प्रश्न, आणि तेथें राहणाऱ्यांचें स्वास्थ्य न बिघडतां किती जावींत हा दुसरा, असा भेद त्यांनीं केला. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्याहून पुष्कळच लहान येतें. मुलांना एकटें रस्ता ओलांडतां येणें, दारांत उभें राहून शेजाऱ्याशीं बोलतां येणें, रात्रीं झोंप लागणें, ह्यांसाठींही रस्त्याची एक क्षमता असते, असा त्या विचाराचा आशय. रहिवासी जेव्हां ‘हा रस्ता सोसणार नाहीं’ म्हणतो तेव्हां तो ह्या दुसऱ्या क्षमतेविषयीं बोलत असतो. अभियंत्याचें गणित बहुधा पहिलीचें असतें. दोघेही खरें बोलतात आणि एकमेकांना खोटें समजतात.

ह्या दोघांच्या मध्यें सभासद सांपडतो. मतदार समोर बसलेले असतात आणि अधिकाऱ्यांचा अहवाल हातांत असतो. रस्ते-अधिकाऱ्यांनीं हरकत नाहीं म्हटलें असतां समितीनें रहदारीच्या कारणावरून नकार दिला, तर अपिलांत तें कारण पुराव्यानिशीं सिद्ध करण्याचा भार कौन्सिलवर येतो. अर्जदाराला बहुतेक प्रकरणांत सहा महिन्यांची मुदत असते. निरीक्षक सर्व प्रकरण नव्यानें पाहतो. पुरावा नसतांना नकार दिला असें ठरलें तर खर्चाचा हुकूम होऊं शकतो. उलट, परवानगी मिळाली तर रहिवाशांना अपील नाहीं. सहा आठवड्यांच्या आंत उच्च न्यायालयांत जातां येतें. तेथें निर्णय शहाणपणाचा आहे कीं नाहीं हें पाहत नाहींत, कायदेशीर आहे कीं नाहीं एवढेंच पाहतात. आयर्लंडच्या १९६३ च्या कायद्यानें हरकतदारांनाही अपिलाचा हक्क दिला. इंग्लंडनें तो दिला नाहीं, आणि ही विषमता तेथील रहिवाशांना सलते.

मराठी श्रोत्याला ही कथा परकी वाटण्याचें कारण नाहीं. १९०९ च्या इंग्रजी कायद्याच्या वळणावरच मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा झाला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिलाच. १९५४ च्या कायद्यानें विकास आराखडा करणें हें नगरसंस्थांचें कर्तव्य ठरविलें, आणि १९६६ सालीं महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला. मात्र एक मोठा फरक आहे. महाराष्ट्रांत एकेका इमारतीच्या परवानगीच्या वेळीं शेजाऱ्यांकडून हरकती मागविण्याची तशी सर्वसाधारण रीत नाहीं. नागरिकाला विचारलें जातें तें आराखड्याच्या वेळीं: प्रारूप प्रसिद्ध होतें, ठराविक मुदतींत हरकती व सूचना घेतात, सुनावणी होते. पुढें आराखड्यांत फेरबदल करावयाचा झाल्यास ३७ व्या कलमाखालीं पुन्हां नोटीस निघते. एखाद्या गल्लींत उंच इमारत उभी राहूं लागल्यावर जे लोक विचारावयास जातात, त्यांना रस्त्याची रुंदी आणि चटईक्षेत्र पूर्वींच ठरून गेल्याचें कळतें.

ह्या वेळेचें मोल मुंबईनें एकदां पाहिलें आहे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचें प्रारूप २०१५ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झालें. त्यांतील चुका आणि जादा चटईक्षेत्र ह्यांवर हजारों हरकती आल्या, आणि त्याच एप्रिलांत मुख्यमंत्र्यांनीं तें रद्द करून नव्यानें करण्यास सांगितलें. सुधारलेलें प्रारूप मे २०१६ मध्यें आलें आणि २०१८ सालीं आराखड्यास मंजुरी मिळाली. एकेका इमारतीपुढें हतबल ठरणारा नागरिक संबंध शहराचा नकाशा परत पाठवूं शकला, कारण तो योग्य वेळीं बोलला. इंग्लंडांतही हाच अनुभव आहे. शेताचा तो तुकडा घरांसाठीं राखण्याची चर्चा आराखड्याच्या वेळीं झालेली असते; तेव्हां सभागृहांतील खुर्च्या रिकाम्या राहतात आणि नोटीस लागल्यावर उभें राहावयास जागा पुरत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट दोन्हीं बाजूंनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हरकतींच्या सभेला जुने रहिवासी येतात. नव्या घरांत जे राहावयास येणार ते तेथें नसतात. त्यांचीं नांवें अजून कोणास ठाऊक नसतात, आणि त्यांना मतही नसतें. केवळ संख्येनें निर्णय होऊं लागला तर घर नसलेल्याचा पक्ष प्रत्येक वेळीं हरेल. म्हणून पुराव्याचा आग्रह धरणारा कायदा निष्ठुर वाटला तरी निराधार नाहीं. परंतु पुरावा म्हणून केवळ वाहनें मोजावयाचीं, आणि रस्ता ओलांडणारें मूल व पदपथावर थांबलेली वृद्धा ह्यांना हिशेबांत धरावयाचें नाहीं, असें झालें तर हरकत ऐकून घेण्याचा विधि तेवढा उरतो आणि लोकांचा त्यावरील विश्वास जातो. आज जो हरकत घेतो तोही एके काळीं कोणाच्या तरी नव्या घरांत राहावयास आला होता; आणि आज जो नवा येईल तो उद्यां त्याच रस्त्यावरून आपलें मूल शाळेंत पाठवील.