पाणी देण्याची वेळ

माणसाच्या घडणीविषयी बोलू लागलो की आपण घणाच्या घावांचेच माहात्म्य गातो, आणि दारिद्र्य, अपमान, मास्तरांची छडी या साऱ्यांना त्या घावांच्या पंक्तीस बसवून कृतकृत्य होतो. परंतु गावाबाहेर पाल ठोकून उतरलेल्या घिसाड्याचे काम जवळ बसून पाहिले, म्हणजे या समजुतीचा फोलपणा ध्यानी येतो.

गावचा लोहार हा पूर्वी बलुतेदार. सुगीच्या राशीवर त्याचा हक्क असे आणि त्या मोबदल्यात वर्षभर फाळ-कुदळी शेवटून देण्याचा शिरस्ता असे. घिसाड्यास ना वतन ना बलुते. रोख मजुरी घ्यावी आणि पुढच्या गावाची वाट धरावी. तो सांडशीत लोखंड धरून ऐरणीशी बसतो, समोर उभी राहून घण घालते ती त्याची बायको. त्याची हातोडी जेथे टिचकी मारील नेमका तेथेच तिचा घण पडतो. घण मोठा खरा, पण हुकूम हातोडीचा.

मोटारीच्या मोडक्या पाट्यातून पाथरवटाची छिन्नी होत होती. लोखंड नारिंगी असेतोवर घाव पडले, ते काळवंडताच थांबले. कारण थंडावलेल्या पोलादावर चालविलेला घण त्याला घडवीत नाही, चिरफाळतो. मग टोक पुन्हा लालबुंद करून, म्हणजे सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून, तेवढेच पाण्यात बुडविले. पोलादास काठिण्य येते ते या क्षणी, आणि ठिसूळपणाही त्याच क्षणी येतो! त्याने विटेच्या तुकड्याने टोक घासून उजळले आणि तो नुसता पाहत बसला. मागच्या भागात उरलेली धग पुढे सरकू लागली, तसतशी उजळ टोकावर प्रथम गवती पिवळी, मग तपकिरी, मग जांभळी झाक पसरत गेली. पिवळी २३० अंशांच्या आसपासची, निळी ३००च्या. पण त्याच्यापाशी मोजमाप डोळ्यांचेच. मुलगा घाई करू लागला, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “थांब, रंग पळू दे.” जांभळी टोकाशी पोचली मात्र, छिन्नी सबंध पाण्यात गेली.

पिवळ्यावरच पाणी दिले असते, तर काळ्या पाषाणावर टोक उडाले असते. निळ्याच्या पलीकडे जाऊ दिले असते, तर ते वळले असते. पाथरवटाला हे पक्के ठाऊक असते, म्हणून घाव किती घातले याची चौकशी तो करीत नाही. पाणी कसे उतरले आहे एवढेच विचारतो, आणि तिथल्या तिथे धोंड्यावर दोन ठोके मारून पाहिल्याखेरीज पैसे मोजत नाही.