नऊ खुणांचा पहारा

पगाराची फाईल कोणी बघावी आणि कोणी बघू नये, यावर ऑफिसात तासभर मीटिंग होऊ शकते. सर्व्हरवर मात्र त्या प्रश्नाचं उत्तर नऊ बिटांत मावतं. नऊ वेळा ‘हो’ किंवा ‘नाही’, बस्स. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समधली ही पद्धत 1970च्या दशकातली. आजचे लिनक्स सर्व्हरही तिच्यावरच चालतात. इतकी किरकोळ दिसणारी गोष्ट या धंद्यात इतकी वर्षं टिकते, याचं मला अजून नवल वाटतं.

समजा, पगाराच्या फायलीवर 640 असा आकडा आहे. पहिला अंक फायलीच्या मालकाचा, म्हणजे अकाउंट्सच्या मॅडमचा. दुसरा त्यांच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. वाचायला 4, लिहायला 2, चालवायला 1. मॅडमचे 6 म्हणजे 4 अधिक 2: वाचा आणि बदला. गटाला 4: नुसतं वाचा. बाकीच्यांना शून्य. यातली खुबी अशी की 4, 2 आणि 1 यांतून कुठलीही बेरीज एकाच रीतीने होते. 5 दिसले की ते 4 आणि 1च असणार. त्यामुळे एकेक अंक तीन-तीन प्रश्नांची उत्तरं देतो, आणि गोंधळाला जागाच राहत नाही.

आता या पहाऱ्याचा काटेकोरपणा बघा. आलेला माणूस मालक आहे का, हे आधी तपासलं जातं. नसेल तर गटातला आहे का. तोही नसेल तर तो ‘बाकीचा’. जिथे जुळलं तिथे तपास थांबतो. म्हणून फायलीवर 044 लिहिलं, तर सगळं ऑफिस ती वाचू शकतं आणि खुद्द मालकाला नकार मिळतो! अर्थात परवानगी बदलायचा हक्क मालकाकडे असतोच, म्हणून पंचाईत फार वेळ टिकत नाही.

याहून घातक गोष्ट फोल्डरची. फाईल पुसणं हा फायलीतला बदल नसून फोल्डरच्या यादीतला बदल आहे. म्हणजे फायलीत एक अक्षरही बदलायची परवानगी नसलेला माणूस, फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा असेल तर, ती अख्खी फाईल उडवू शकतो. फायली जपल्या आणि फोल्डर मोकळा सोडला, असं मग होतं.

पण खरं कोडं पासवर्डचं. सगळ्यांच्या पासवर्डची माहिती असलेली फाईल फक्त ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी, बदलू शकतो. तरी साधा कर्मचारी आपला पासवर्ड स्वतः बदलतो. कसा? रिचीने आणखी एक बिट काढलं: सेटयूआयडी. ते ज्या प्रोग्रामवर असेल, तो कोणीही चालवला तरी प्रोग्रामच्या मालकाच्या, इथे रूटच्या, अधिकाराने चालतो. साहेबांचा शिक्का काही क्षणांपुरता शिपायाच्या हाती यावा, पण ठरलेल्या एकाच कागदावर उठावा, तसं. या कल्पनेला 1979मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि बेल लॅब्जने ते सर्वांसाठी खुलं केलं. अशा प्रोग्राममध्ये चूक राहिली, तर शिक्का भलत्या कागदावरही उठतो. म्हणूनच हल्लेखोर आधी असे प्रोग्राम हुडकतात.

अधिकार सैल सोडले की काय होतं, हे एमआयटीने युनिक्सच्याही आधी पाहिलं होतं. तिथल्या सीटीएसएस या यंत्रणेत सिस्टीमच्या फोल्डरमध्ये एका वेळी एकानेच काम करायचं, असा नियम होता. कामाचा खोळंबा होतो म्हणून तो शिथिल केला. एडिटर मात्र आपल्या तात्पुरत्या फायलीला प्रत्येक वेळी एकच नाव देत असे. दोघं एकाच वेळी बसले आणि फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो लॉगिन करेल, त्याला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. यंत्रणेचे जनक फर्नांडो कोर्बातो यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात हा किस्सा स्वतः सांगितला.

1975मध्ये जेरोम साल्झर आणि मायकल श्रोडर यांनी नियम मांडला: कामापुरता लागेल तेवढाच अधिकार द्यावा. 1992मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिक कून यांनी अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला, आपल्या भाषेत खुर्चीला, देण्याची रीतसर मांडणी केली. बदली झाली की जुने हक्क खुर्चीबरोबर मागे राहतात. निदान राहायला हवेत. प्रत्यक्षात दहा वर्षांत चार विभाग फिरलेल्या माणसाकडे चारही विभागांच्या चाव्या असतात, कारण नवी परवानगी मागायला सगळे येतात, जुनी परत करायला कोणी येत नाही. यंत्राला यात वावगं काही दिसत नाही. त्याच्या लेखी ‘हो’ म्हणजे ‘हो’.

तेव्हा आपल्या ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरची परवानग्यांची यादी आज एकदा उघडून बघा. ‘लिंक असलेला कोणीही’ असं दिसलं तर आधी ते बंद करा; मग नोकरी सोडून गेलेल्यांची नावं काढा.