हरवलेला दागिना

आखाजीच्या दिवशीं कडुनिंबाच्या झोक्यावरून उतरलेली माहेरवाशीण सहज कानाकडे हात नेते, आणि कानांतील फूल जागेवर नसतें. क्षणार्धांत सारें घर गडबडून जातें. भुसावळजवळील दीपनगरची वीजकेंद्राची वसाहत असो, नाहींतर जळगांव-धुळ्याकडील जुना वाडा असो, खानदेशांतील घराला हा प्रसंग नवा नाहीं. अशा वेळीं दोन गोष्टी पणाला लागतात : एक सोनें, आणि दुसरी घराची माणुसकी. हरवलेलें सोनें पुष्कळदां सांपडतें; निरपराध माणसावर घेतलेला आळ मात्र परत घेतां येत नाहीं.

म्हणून पहिलें काम आरडाओरड नव्हे, तर शांतपणें आठवणें. दागिना अंगावर शेवटचा केव्हां पाहिला आणि नाहींसा झाल्याचें केव्हां ध्यानांत आलें, ह्या दोन क्षणांमधील हालचाल क्रमानें लिहून काढावी. तोंवर घर झाडूं नये, केर बाहेर टाकूं नये, मोरींत पाणी ओतूं नये. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण येथें शब्दशः खरी ठरते. साडीच्या निऱ्या, अंथरुणाच्या घड्या, मळलेली कणीक, धुण्याची बादली, ह्या जागा आधीं पाहाव्या.

सोन्याचा जडपणा ह्या शोधांत उपयोगी पडतो. शुद्ध सोनें पाण्याच्या सुमारें १९ पट जड असतें. दागिन्याचें सोनें मिश्र असलें तरी तेंहि बरेंच जड. त्यामुळें भांडीं घासतांना निसटलेली अंगठी बहुधा मोरीखालच्या नळीच्या वळणांत बसून राहते. नळ बंद करून, खालीं बादली ठेवून तें वळण उघडावें. अंगणांतील माती बारीक चाळणीनें चाळावी. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी ह्याच गुणावर पोट भरीत आले आहेत. खोलींत शोधतांना दिवा मालवून विजेरी जमिनीलगत आडवी धरावी. चमक चटकन् दिसते.

एवढें करूनहि दागिना न सांपडल्यास संशयाचें भूत उठतें, आणि तें बहुधा कामवाल्या बाईच्या मानेवर बसतें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार. कालिदासाच्या शाकुंतलांतील धीवरावर हीच वेळ आली. माशाच्या पोटांत मिळालेली अंगठी तो विकावयास दाखवीत असतां राजपुरुषांनीं त्याला चोर समजून पकडलें. परंतु अंगठीवर राजाचें नांव कोरलेलें होतें. म्हणून ती दुष्यंतापर्यंत पोंचली, धीवर सुटला, आणि अंगठीच्या मोलाइतकें बक्षीसहि त्याला मिळालें. दागिना घरीं परततो तो बहुधा खुणेच्या बळावर.

आजची खूण म्हणजे हॉलमार्क. १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली. आणि १ एप्रिल २०२३ पासून, कांहीं अपवाद सोडल्यास, सहा अक्षर-अंकांच्या स्वतंत्र क्रमांकावांचून सराफाला सोन्याचा दागिना विकतां येत नाहीं. ह्या क्रमांकावरून मालकाचें नांव कळत नाहीं. पण पावती, वजन आणि छायाचित्र ह्यांबरोबर तो लिहून ठेवलेला असला, तर ओळख पटविणें सोपें जातें. आजीच्या जुन्या पाटल्यांना असा क्रमांक नसतो. त्यांचें छायाचित्र तरी काढून ठेवावें.

दागिना बाहेर हरवल्यास त्याच दिवशीं पोलीस ठाण्यांत लेखी नोंद करून पोंच घ्यावी. हरवला असेल तर हरवला, चोरीस गेला असेल तर चोरी, असेंच लिहावें. अंदाजानें कोणाचें नांव घालूं नये. आगगाडींत राहिला असल्यास रेल्वेच्या १३९ ह्या क्रमांकावर कळवावें. गांवांतील सराफांना वर्णन द्यावें. जाहिरात द्यावयाची तर एक खूण राखून ठेवावी. ती ज्याला सांगतां येईल, त्याच्याच हातीं खरा दागिना आहे.

ज्याला दागिना सांपडतो त्यालाहि कर्तव्य आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें त्यानें तो ठेवीप्रमाणें जपावयाचा असतो. मालकानें ठराविक बक्षीस जाहीर केलें असल्यास तें मागण्याचा त्याला हक्क आहे. मालकाचा वाजवी शोध न करितां तो गिळंकृत केल्यास मात्र, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमान्वयें सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद व दंड ठेवलेला आहे.

कानांतील फूल झोक्याखालच्या मातींत सांपडलें, तर घरानें गोडधोड करावें. न सांपडलें, तर पुढें एखाद्या सणाला दुसरें घडवितां येतें. कामवाल्या बाईला तिच्या मुलांदेखत चोर म्हटलें, तर तो शब्द मात्र कोणत्याहि सराफाकडे दुरुस्त होत नाहीं.